सर्व्हरवर दुरुस्त केलेला बग परत उगवतोय: गिट आणि टेस्टिंगची शिस्त लहान ऑफिसात कशी लावायची?

राजारामपुरी_९वी_गल्ली

मंडळी, नमस्कार.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं छोटं ऑफिस आहे. चौघं कोडर, सपोर्टला एक मुलगी आणि मालक. गिऱ्हाइकं म्हणजे एक साखर कारखाना, काही दूध संस्था आणि पतसंस्था. कारखान्याचं वजनकाट्यापासून ऊसबिलापर्यंत सगळं सॉफ्टवेअर आमच्याकडं आहे.

हंगाम सुरू झाला की आमचे फोन थांबत नाहीत. शेती विभाग म्हणतो, रात्रीच्या पावत्यांवर आदल्या दिवसाची तारीख पडतीय. आमच्यातला एकजण सर्व्हरला लॉगिन करतो, तिथंच फाईल उघडून दोन ओळी बदलतो आणि 'झालं बघा साहेब' म्हणून फोन ठेवतो. पुढं दुसरा कुणीतरी वेगळ्याच कामासाठी आपल्या लॅपटॉपवरची तीच फाईल वर चढवतो. पहिल्याची दुरुस्ती गेली पंचगंगेत. परत फोन, परत तीच तारीख.

गिट (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन) आहे, पण नावाला. शनिवारी संध्याकाळी आठवड्याचं सगळं मिळून एक कमिट (बदलांची नोंद) होतं आणि संदेश असतो 'चेंजेस'. टेस्ट म्हणजे सपोर्टची मुलगी दोन पावत्या काढून बघते, तेवढंच. मालकांचं म्हणणं, 'टेस्ट लिहीत बसलात तर बिलं कोण काढणार?'

पुस्तकातलं मला माहीत आहे. चौघांच्या ऑफिसात, चालू हंगामात, सुरुवात कुठून करायची ते सांगा.

तांबडापांढरा

सुरुवात सर्व्हरचा पासवर्ड बदलण्यापासून करा. नवीन पासवर्ड मालकांनाबी सांगू नका. विषय संपला.

पंचगंगाकाठ

तांबडापांढरा चेष्टेत बोलले, पण माझंही पहिलं उत्तर तेच आहे. लाईव्ह सर्व्हरवर हाताने फाईल बदलण्याचा रस्ता बंद होत नाही तोवर बाकी सगळी शिस्त वाया. सर्व्हरवर जे चालतंय ते रेपोतल्या (गिटमधल्या कोडच्या साठ्यातल्या) एखाद्या कमिटशी तंतोतंत जुळायला हवं. आज तुमच्याकडं ते जुळत नसणार. म्हणून आज रात्रीच सर्व्हरवरचा कोड जसा आहे तसा, घाणीसकट, एका वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र फांदीवर) कमिट करून ठेवा आणि मग रेपोशी फरक काढा. कुणी कधी काय 'झालं बघा साहेब' केलंय ते सगळं त्या फरकात दिसेल.

त्यानंतरचा क्रम असा ठेवा. तक्रार आली की आधी ती आपल्या मशीनवर घडवून दाखवायची. घडली की ती तक्रारच टेस्ट (कोड आपोआप तपासणारा छोटा कोड) म्हणून लिहायची आणि ती टेस्ट नापास होतेय हे डोळ्यांनी बघायचं. मग छोट्या ब्रँचवर दुरुस्ती, टेस्ट पास, दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून एकदा, मर्ज (मुख्य कोडात मिसळणं), टॅग (त्या आवृत्तीला नाव), आणि टॅगवरूनच डिप्लॉय (सर्व्हरवर चढवणं). नापास होताना बघण्याची पायरी बहुतेक लोक गाळतात. दुरुस्तीनंतर लिहिलेली टेस्ट कधीकधी काहीच तपासत नसते, हिरवी दिसते एवढंच.

तारखेच्या बगबद्दल: सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) आहे का बघा.

राजारामपुरी_९वी_गल्ली

ताई, आहे. सर्व्हर क्लाऊडवर नेला तेव्हापासून यूटीसी. म्हणजे...

पंचगंगाकाठ

म्हणजे आपल्याकडं रात्री १२ ते पहाटे ५:३० मध्ये निघालेल्या प्रत्येक पावतीवर आदली तारीख. १२ तारखेला रात्री २ वाजता गाडी काट्यावर आली, तर यूटीसीत ११ तारखेचे रात्रीचे ८:३० वाजलेले असतात. ऊसाच्या गाड्या रात्रभर येतात म्हणून तुमच्याकडं रोज दिसतं. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये हाच बग जन्मभर झोपून राहिला असता, कारण रात्री २ वाजता पतसंस्थेत कोण पैसे भरतंय?

तुमच्या माणसानं दोन ओळी काय बदलल्या असतील ते न बघता सांगते: तारखेत साडेपाच तास मिळवले असतील. आणि तसं एकाच स्क्रीनवर केलं असेल.

राजारामपुरी_९वी_गल्ली

पावतीच्या स्क्रीनवर मिळवलेत. रोजच्या गाळप अहवालात नाहीत. आता कळलं शेती विभाग आणि गाळप अहवाल यांचा मेळ का बसत नव्हता.

मिसळ_कट_ज्यादा

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. मी एकटा काम करतो. दूध संस्था, किराणा, एक-दोन हॉटेलं. टेस्ट, ब्रँच, नजरेखालून घालणं हे पुण्या-बेंगळुरूच्या पगारातले चोचले आहेत. माझं गिऱ्हाईक महिन्याला जे देतंय त्यात मी दुरुस्ती केली तर पोट भरतंय, टेस्ट लिहिली तर उपास. फोन आला, पाच मिनिटांत काम झालं, गिऱ्हाईक खूश. टेस्टचं कव्हरेज बघून कोणी चेक फाडत नाही भावा.

रंकाळा_चौपाटी

@मिसळ_कट_ज्यादा, पाच मिनिटांची दुरुस्ती तीनदा करावी लागली तर? धागाकर्त्याचं दुखणं तेच आहे. तू एकटा आहेस म्हणून तुझी फाईल दुसरं कोणी पुसत नाही, हा नशिबाचा भाग.

मी गेली बरीच वर्षं टेस्टिंगच करते. सगळ्या कोडला टेस्ट लिहा असं मी कधीच म्हणणार नाही. लॉगिनच्या स्क्रीनचा रंग, मेनूची जागा, यांना टेस्ट लिहून उपयोग शून्य. पैसा, वजन, तारीख या तीन गोष्टींना हात लावणारा कोड टेस्टशिवाय मर्ज करायचा नाही, एवढा एकच नियम ठेवा. एक साधी सवयही लावून घ्या: जो बग एकदा आला त्याची टेस्ट कायमची राहते. बग जिथं येतात तिथंच परत येतात.

तांबडापांढरा

पैसा, वजन, तारीख. ताई, तुम्ही कारखान्याच्या निवडणुकीला उभ्या राहा.

शिरोळचा_ऊसवाला

मी कोडर न्हाई. मुलगा कॉम्प्युटरला हाय त्यानं धागा दाखवला. तुमी लोक तारखेवर हसताय, पण तारखेवर आमचं सगळं हाय बगा. ऊस घातल्यापास्नं १४ दिवसांत बिल द्यायचं असा कायदा हाय, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात. त्येच्या म्होरं उशीर झाला तर १५ टक्के व्याज. एक दिस इकडचा तिकडं झाला तर कारखान्याला काय न्हाई, पण आमाला विचारा.

आनि वजनाचं सॉफ्टवेअर तुमच्याकडं म्हंताय, तर काट्यावर काय काय होतंय ते आमी पन सांगू शकतो. ते राहू दे.

राजारामपुरी_९वी_गल्ली

काका, काट्याचा आकडा थेट काट्याच्या यंत्रातून येतो, आम्ही त्याला हात लावत नाही. शपथ घेऊन सांगतो.

तांबडापांढरा

सगळेच शपथ घेतात.

उद्यमनगर_काका

तुमचा गिट मला समजत नाही, पण हा रोग ओळखीचा आहे. उद्यमनगरात पॅटर्न शॉपमध्ये आयुष्य गेलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजनचं अक्षर असतं, ए, बी, सी, आणि शेजारी काय बदललं, कुणी, कोणत्या तारखेला. नवीन रिव्हिजन आली की शॉपमधून जुना कागद गोळा करायचा आणि त्यावर 'रद्द' शिक्का मारायचा. शिक्का न मारता एक जुना कागद मशीनशेजारच्या कपाटात राहिला, आणि आठवडाभर जुन्या मापाचं कास्टिंग निघत राहिलं, असं होतं. माल भट्टीत परत.

त्यात एक गोष्ट पक्की होती. मिस्त्री कितीही जुना असो, शॉपमध्ये पेनानं ड्रॉइंगवर माप बदलायचं नाही. चूक दिसली तर ड्रॉइंग ऑफिसला कळवायचं, नवीन रिव्हिजन यायची, मग काम. तुमचा तो सर्व्हरवर जाऊन दोन ओळी बदलणारा मुलगा पेनानं माप बदलतोय.

पंचगंगाकाठ

काका, तुम्हाला गिट माझ्यापेक्षा जास्त कळतंय.

शिक्का न मारलेल्या कागदावरून आठवलं. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाईट कॅपिटल नावाच्या शेअर दलाली कंपनीनं नवीन कोड हाताने आठ सर्व्हरवर चढवला. म्हणजे सातांवर चढला, एक राहिला. त्या आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड होता आणि नवीन कामासाठी जुनाच फ्लॅग (कोड चालू-बंद करणारी खूण) परत वापरला होता. बाजार उघडल्यावर तो जुना कोड जागा झाला आणि वेड्यासारखा सौदे करत सुटला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. गडबडीत त्यांनी उरलेल्या सातांवरचा नवीन कोड काढून जुना बसवला, त्यानं आणखी बिघडलं.

म्हणून डिप्लॉय हाताने नको. एक स्क्रिप्ट, जी टॅग घेते आणि सगळीकडं तोच चढवते. मागं जायचं असेल तर आधीचा टॅग देऊन तीच स्क्रिप्ट.

पुण्यात_अडकलेला

आम्ही गिट-फ्लो वापरतो. डेव्हलप, रिलीज, हॉटफिक्स, फीचर अशा ब्रँच. तुम्हीही तेच लावा, एकदम शिस्त येते.

पंचगंगाकाठ

चौघांना नको हो. विन्सेंट ड्रिसेननं ती पद्धत २०१० मध्ये मांडली, आणि २०२० मध्ये त्यानंच लेखावर वरती टीप घातली की सतत डिप्लॉय होणाऱ्या वेब सॉफ्टवेअरला यापेक्षा साधी पद्धत घ्या. एक मेन (मुख्य ब्रँच), आणि त्यातून निघून दोन दिवसांत परत मिळणाऱ्या छोट्या ब्रँच. महिनाभर वेगळी राहिलेली ब्रँच मर्ज करताना जी मारामारी होते, ती हंगामात परवडत नाही.

पुण्यात_अडकलेला

आमच्याकडं ती मारामारी दर गुरुवारी असते. कॅलेंडरवर तसा कार्यक्रमच ठेवलाय.

बीई_नापास_नाही

मी शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला गिटचं प्रात्यक्षिक होतं पण त्यात ॲड, कमिट, पुश एवढंच. वर कुणी बायसेक्ट म्हणेल म्हणून वाट बघत होतो, कोणी म्हणालं नाही. ते खरंच कोणी वापरतं का?

रंकाळा_चौपाटी

वापरतं. मी सांगते.

समज दिवाळीला बरोबर चालत होतं आणि आज चुकतंय, मध्ये १००० कमिट आहेत. 'गिट बायसेक्ट स्टार्ट' म्हणायचं, आजचं 'बॅड', दिवाळीचं 'गुड'. गिट तुला मधलं कमिट काढून देतं. तू तपासून गुड किंवा बॅड सांगतेस, ते उरलेल्याच्या मधलं देतं. दर वेळी निम्मं गळतं, म्हणून १००० मधून गुन्हेगार साधारण १० फेऱ्यांत सापडतो. टेस्ट स्क्रिप्ट तयार असेल तर 'बायसेक्ट रन' ला ती दे आणि चहा पिऊन ये. स्क्रिप्टनं ० परत दिला तर चांगलं, १२५ दिला तर हे कमिट वगळ, आणि १ ते १२७ मधलं बाकी काहीही म्हणजे वाईट.

त्यातली मेख पण ऐक. बायसेक्ट तुला कमिटपर्यंत नेतं, ओळीपर्यंत नाही. शनिवारच्या 'चेंजेस' वर जाऊन थांबलं आणि त्यात ढीगभर फाईली असल्या तर काय करणार? एका कमिटमध्ये एकच बदल, आणि प्रत्येक कमिटला कोड चालला पाहिजे. हे पाळलं तरच बायसेक्टला अर्थ.

(सांगतेस वगैरे म्हटलं, तू मुलगा असशील तर दुरुस्त करून वाच.)

बीई_नापास_नाही

मुलगा आहे, चालतंय ताई. धन्यवाद. गिट लिनस टॉरवाल्ड्सनं २००५ मध्ये दोन आठवड्यांत लिहिलं हे खरं का?

पंचगंगाकाठ

एप्रिल २००५. लिनक्स कर्नलची मंडळी बिटकीपर वापरायची, त्याची फुकट वापराची सवलत गेली म्हणून त्यानं स्वतःचं लिहायला घेतलं. काही दिवसांतच गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. पण त्याच वर्षी जुलैत त्यानं सांभाळायचं काम जुनिओ हमानोकडं दिलं, आणि आज आपण वापरतो ते गिट बरंचसं त्यांच्या देखरेखीखाली वाढलेलं. दोन आठवड्यांची गोष्ट सांगताना ही वीस वर्षं लोक विसरतात.

अनुस्वार

विषयांतर करतो, पण टेस्टबद्दलच आहे. मराठी नावांची टेस्ट कोणी करतं का? कुऱ्हाडे हे नाव एका ऑपरेटरनं ऱ हे एकच अक्षर टाकून लिहिलं, दुसऱ्यानं र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक टाकून र्‍ असं लिहिलं. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण शोधायला गेलं की एकच सभासद सापडतो. शिवाय ऱ हे अक्षर र आणि खालचा नुक्ता असंही साठवलं जातं. नुक्त्याचं प्रकरण युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशननं (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या पद्धतीनं) मिटतं, जोडकाचं मिटत नाही, तो आपण स्वतः काढावा लागतो. आमच्या पतसंस्थेत एकाच माणसाची दोन खाती होती आणि दोन्हींवर कर्ज.

तांबडापांढरा

तो बग न्हाई, ती सोय हाय.

राजारामपुरी_९वी_गल्ली

@अनुस्वार, हे आमच्याकडं नक्की असणार. टेस्टच्या यादीत घेतलं.

आजवरचं सांगतो. सर्व्हरवरचा कोड ब्रँचवर घेतला. रेपोशी फरक काढला तेव्हा मालक स्वतः मागं येऊन उभे राहिले. 'हे कुणी केलं?' असं प्रत्येक ओळीला विचारत होते आणि उत्तर कुणाकडंच नव्हतं. त्यांचा सूर तिथंच बदलला. टेस्टवरचं प्रवचन कुणी द्यावं लागलं नाही.

सर्व्हरचं लॉगिन आता फक्त डिप्लॉय स्क्रिप्टकडं. तारीख डेटाबेसमध्ये यूटीसी, दाखवताना आणि अहवाल गटवताना भारतीय वेळ, रूपांतर एकाच फंक्शनमध्ये. त्याला टेस्ट: रात्री ११:५९, १२:००, पहाटे ५:२९, ५:३०, आणि ३१ मार्चची रात्र. पुश केलं (कोड रेपोत वर चढवला) की टेस्ट आपोआप चालतात, गिटहब या रेपो ठेवायच्या वेबसाईटच्या फुकट योजनेत खाजगी रेपोला महिन्याला २००० मिनिटं मिळतात, ती आम्हाला पुष्कळ झाली.

मिसळ_कट_ज्यादा

बरं केलंत. पण मी म्हणतो ते राहिलंच. हे सगळं बसवायला जो वेळ गेला त्याचे पैसे कारखान्यानं दिले का?

राजारामपुरी_९वी_गल्ली

नाही दिले. बरोबर आहे तुमचं.

रंकाळा_चौपाटी

मिसळभाऊंचा मुद्दा खोटा नाही. वार्षिक देखभालीचा करार करताना हा वेळ धरूनच रक्कम सांगायला हवी, ती आपल्याकडं कोणी सांगत नाही. 'बग काढणं फुकटच असतं' ही गिऱ्हाइकाची समजूत आपणच तयार केली आहे.

एक धोक्याची सूचना. गिट म्हणजे बॅकअप नव्हे. कोड परत येईल, डेटा येणार नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटहबसारखीच सेवा देणाऱ्या खुद्द गिटलॅब कंपनीच्या माणसानं रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर लाईव्ह डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, त्यातली एकही नीट चालत नव्हती. योगायोगानं सहा तास आधी काढलेली एक प्रत होती म्हणून वाचले. बॅकअप परत भरून बघणं ही पण टेस्टच आहे.

राजारामपुरी_९वी_गल्ली

ते करतो.

आता ज्यासाठी परत आलो ते. पैशाच्या कोडला टेस्ट लिहायला घेतल्या आणि एफआरपीच्या (केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या किमान दराच्या) हिशेबात अडकलो. २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३४० रुपये. त्यावर प्रत्येक ०.१ ला ३.३२ रुपये जास्त, खाली आलं तर तेवढेच कमी, आणि ९.५ किंवा त्याखाली सरळ ३१५.१० रुपये. कारखान्याच्या हिशेबनीसांकडून हातानं काढलेला तक्ता घेतला आणि तोच टेस्टमध्ये घातला.

१२.५५ पास. १२.६५ पास. १२.३५ नापास. तक्ता म्हणतो ४०९.७२, कोड म्हणतो ४०६.४०. बरोबर एक टप्पा कमी. १२.४५ पण नापास, १२.७५ पास. डोकं फिरलं. कोडमध्ये वेगळं काहीच नाही, उताऱ्यातून १०.२५ वजा करून ०.१ नं भागतो आणि खालचा पूर्णांक घेतो.

पंचगंगाकाठ

वेगळं काही नाही म्हणूनच होतंय. कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक बायनरीत साठवतो आणि १२.३५ त्यात नेमका बसत नाही. जवळचा आकडा घेतो, तो १२.३५ पेक्षा केसभर कमी असतो. १०.२५ मात्र नेमका बसतो, कारण पाव बायनरीत पूर्ण लिहिता येतो. मग वजाबाकी २.१ पेक्षा केसभर कमी, भागाकार २०.९९९९९९..., आणि खालचा पूर्णांक घेतला की २०. एक टप्पा गेला.

१२.५५ आणि १२.६५ साठवताना केसभर वर जातात, म्हणून ते पास. १२.७५ नेमका बसतो, तोही पास. तुमच्याकडं दशांशात ३५, ४५, ८५ आणि ९५ असलेले उतारे चुकणार, ०५, १५, २५, ५५, ६५, ७५ बरोबर येणार. १२.३७ सारखे मधले आकडे टप्प्याच्या काठावर नसतातच, म्हणून तिथं कधीच दिसणार नाही.

कुणाकडं पायथन असेल तर (१२.३५ - १०.२५) / ०.१ टाकून बघा.

उपाय: उतारा शंभरपट करून पूर्णांकात ठेवा, १२३५ वजा १०२५, भागिले १०, उत्तर २१. पैसे रुपयांत ठेवू नका, पैशांत ठेवा. अपूर्णांकाला बिलात जागाच देऊ नका.

बीई_नापास_नाही

टाकून बघितलं. २०.९९९९९९९९९९९९९९६ आलं. लई भारी.

शिरोळचा_ऊसवाला

लई भारी काय त्यात? क्विंटलला ३.३२ म्हंजे टनाला ३३ रुपये २० पैसे. १०० टन ऊस घातला तर ३३२० रुपये. ते कुनाच्या खिशात गेले?

राजारामपुरी_९वी_गल्ली

काका, कुणाच्याच नाही. पहिली गोष्ट तीच तपासली. हा कोड आल्यापासूनच्या हंगामांत या कारखान्याचा उतारा त्या आकड्यांवर एकदाही बसला नव्हता. पुढच्या वर्षी बसला असता तर अख्ख्या कार्यक्षेत्राची बिलं एकदम चुकली असती.

दुरुस्ती ब्रँचवर आहे, टेस्ट पास. २०२५-२६ चे आकडे, ३५५ रुपये आणि ३.४६, तेही तक्त्यात घातले. ९.५ ला ३२९.०५ येतात, जुळलं.

एकच राहिलं. १२.३७ मधला वरचा ०.०२ सोडून द्यायचा की त्याचेही प्रमाणात पैसे धरायचे? जुन्या कोडमध्ये सोडलेला आहे, पण का सोडला ते कुठं लिहिलेलं नाही.

शिरोळचा_ऊसवाला

सोडू नका.

रंकाळा_चौपाटी

हे ना तुम्ही ठरवायचं, ना काकांनी. कारखान्याच्या लेखा विभागाला पत्र द्या, लेखी उत्तर घ्या, आणि त्या पत्राचा जावक क्रमांक टेस्टच्या वरच्या टिपणीत आणि कमिटच्या संदेशात लिहा. दोन वर्षांनी कुणी विचारलं की 'गिट ब्लेम' (कोणती ओळ कुणी, कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणारी आज्ञा) त्या पत्रापर्यंत नेईल. तोवर आहे ती वागणूक टेस्टमध्ये बांधून ठेवा, म्हणजे चुकून बदलणार नाही.

तांबडापांढरा

गिट ब्लेम! हे नाव ठेवणारा कोल्हापूरचाच असणार. आमच्या तालमीत हेच चालतंय, आधी कुणी केलं ते शोधायचं.

राजारामपुरी_९वी_गल्ली

पत्र उद्या सकाळी जातंय. मर्ज उत्तर आल्यावर, आणि डिप्लॉय दुपारी. संध्याकाळी नाही, रात्रीच्या गाड्या लागायच्या आत चार तास बघायला मिळाले पाहिजेत.

मिसळ_कट_ज्यादा

ती तक्तावाली टेस्ट फाईल देता का? माझ्या दूध संस्थेचं दरपत्रक फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) आहे, तिथंबी ०.१ चेच टप्पे आणि खालचा पूर्णांक. मघापासून छातीत धडधडतंय.

राजारामपुरी_९वी_गल्ली

रात्री पाठवतो. म्हशीचं फॅट ६.० / एसएनएफ ९.० पासून सुरू करा आणि संस्थेच्या सचिवांकडून हातानं काढलेला तक्ता आधी मागून घ्या, कोडमधून काढलेला नको.